डाळ शिजली की गोडं

पुण्याची माणसं कोकणात जातात ती समुद्र बघायला, नाहीतर मासे खायला. मी गेले होते फिल्टरवरचा बुळबुळीत थर खरवडायला. सामान म्हणजे बर्फाच्या पिशव्या घातलेली एक पेटी, निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या, कापसाचे बोळे, आणि घरून उकळून गार करून आणलेलं नळाचं पाणी, दोन मोठ्या बाटल्या भरून. या शेवटच्या सामानाची आठवण राहू द्या. त्यावरून पुढे माझी चांगलीच फजिती झालेली आहे.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चार दिवसांचाच प्रवास होता. पेणचा खारेपाट, तिथून रोहा, आणि मग ठरलेलं नसताना पुन्हा खारेपाट. तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. खेड्यातल्या माणसाशी बोलायचं तर पिवळ्या बूथवरून जवळच्या दुकानात फोन लावायचा आणि दुकानदाराच्या मर्जीवर सोडून द्यायचं.

आधी कामाचं सांगते. चांदी जंतूंना जगू देत नाही हे काही आम्ही शोधलेलं नाही. आपल्याकडे बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीतून होतं आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी चांगलं समजतात. आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे आगाशेसर यांनी चांदीचे इतके बारीक कण तयार केले होते की केसाच्या जाडीत हजारो एका ओळीत बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसतही नाहीत. गंमत म्हणजे चांदी एवढी बारीक झाली की तिचं पाणी पिवळं दिसतं. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसला नव्हता, सर आपले ‘पिवळी चांदी’ म्हणायचे. ही पिवळी चांदी आम्ही पाणी गाळायच्या मातीच्या कँडलवर चढवली. जंतू पाण्यात सुटे फिरतात तेव्हा मारायला सोपे असतात. पण एकदा का ते कुठे चिकटले, की स्वतःभोवती लाळेसारखा चिकट थर करून त्यात घर करतात आणि मग औषधालाही दाद देत नाहीत. तळ्याच्या पायरीवर पाय सटकतो तो अशाच थरावरून. आमच्या कँडलवर हा थर धरूच नये, असा सगळा खटाटोप होता.

दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या शिबिरानं खारेपाटातल्या एका गावात दहा आणि रोहा-अष्टमीत दहा फिल्टर दिले होते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः दोन्हीकडे जाऊन छोटं भाषण ठोकलं होतं. ‘दर आठवड्याला कँडल धुऊन उन्हात वाळवा; या पाण्याला उकळायची गरज नाही,’ हे वाक्य त्या भाषणात माझं होतं. शिबिराच्या फॉर्मात एक प्रश्न होता : पाणी गोडे की खारे? वीसच्या वीस घरांनी ‘गोडे’ लिहिलं होतं. त्यामुळे पाण्यातले जंतू आम्ही मोजले, बाकी काही तपासायची गरज आम्हाला वाटली नाही.

खारेपाट, पहिला दिवस

पेणला उतरून वडखळच्या पुढे सहा आसनी रिक्षानं गेले. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. डावीकडे डोलवीच्या कंपनीच्या चिमण्या आणि ट्रकांची रांग, उजवीकडे नजर पोचेल तिथवर सपाट जमीन. आमच्याकडे अशी जमीन दिसली की माणूस प्लॉट पाडतो. इथे बांध घालून खाडीला बाहेर ठेवलेलं, आत भाताची कापलेली शेतं, आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं. माघातलं ऊन चांगलं लागत होतं. मिठागराच्या चौकोनांत बायका फळ्यांनी मीठ ओढत होत्या, आणि कडेला मिठाचे ढीग पेंढ्याखाली झाकून ठेवले होते.

माझ्या यादीतलं पहिलं घर हिराबाईंचं. हिराबाई पन्नाशीच्या, मिठागरात काम करणाऱ्या, पायाच्या भेगांत मीठ भरलेल्या. मुलगा डोलवीला कंत्राटी, शिफ्टवर. मुलगी वैशाली आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. नुकतंच तिचं उष्टावण झालं होतं, त्यामुळे ती आता पेज खाऊ लागली होती आणि पाणी पिऊ लागली होती. वैशालीचं आधीचं मूल जुलाबांनी गेलं होतं. हे मला हिराबाईंनी दाराशीच सांगितलं, चपला काढता काढता, आणि वर म्हणाल्या, “म्हनून तर तुमचा फिल्टर बरा, बाई. सरपान पन वाचतं.”

पुण्याहून पाणी बघणाऱ्या बाई आल्या म्हणून शेजारच्या चौघीजणी ओटीवर वैशालीजवळ येऊन बसल्या. मी फिल्टरचं वरचं भांडं उघडलं, आत हात घातला, आणि तो जसा घातला तसाच बाहेर काढला. कँडल शेंबडासारखी बुळबुळीत झाली होती. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. बाहेर उजेडात धरली तर अंगभर जांभळट, काळपट डाग.

खिडकीत मिसरीचा डबा दिसत होता. मिसरी म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. ती लावून लावून हिराबाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं झालेलं होतं. मी डबा पाहिला, बोट पाहिलं, डाग पाहिले, आणि दोन अधिक दोन करून मोकळी झाले.

“मिसरीचा हात लावलात याला,” मी म्हटलं.

ओटीवरच्या बायका मान वळवून हिराबाईंकडे बघायला लागल्या.

“नाय बाई,” हिराबाई म्हणाल्या. “मी मिसरी लावते ती आंगनात. हात धुते नि मंगच आत येते.”

“मग हे काय आहे? इतकी घाण हात न लावता होते का? आम्ही एवढ्या मेहनतीनं केलेली वस्तू, तुम्हाला साधी स्वच्छ ठेवता येत नाही?”

माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. कॉलेजातही ठाऊक आहे. पण कॉलेजातली मुलं ते विसरून कँटीनला जातात. इथे पाच बायका गप्प बसून माझ्याकडे बघत होत्या, आणि हिराबाई स्वतःच्या बोटाकडे. मी पिशवीतून नवी कँडल काढली, बसवली आणि बजावलं, “आता हिला कुणी हात लावायचा नाही. वरून पाणी ओता, तोटी उघडा, प्या. उकळायचीही गरज नाही.”

“बरं,” हिराबाई म्हणाल्या.

एवढं ऐकून घेऊनही त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, डाळभात. आमच्याकडे पाहुण्यावर राग असला की पानात वाढलेलं कमी होतं, इथे तसं काही दिसलं नाही. जवळ्याची चटणी इतकी चविष्ट होती की मी दोनदा मागून घेतली. डाळ मात्र बोटांना दाण्यादाण्यानं लागत होती. घाईत चढवली असेल, असं मी मनाशी म्हटलं. नंतर आलेला चहाही चवीला जरा वेगळा होता. तो गुळाचा असेल, असं ठरवून संपवला. ताटाशेजारी हिराबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी पेटीतून माझी बाटली काढली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि तांब्या उचलून नेला.

उरलेल्या नऊ घरांत तीच तऱ्हा, तोच थर, तेच जांभळे डाग. प्रत्येक ठिकाणी नमुना घेतला, नवी कँडल बसवली आणि तीच ताकीद दिली. वहीत मी एक ओळ लिहिली : देखभाल शून्य. ती ओळ अजून त्या वहीत आहे.

अष्टमी, दुसरा दिवस

रोह्यात उतरायची सोय कुंडलिकेच्या पुलापलीकडे, अष्टमीत, रिबकाबाईंकडे झाली होती. त्याही आमच्या दहा घरांपैकी एक. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी, कपाळ मोकळं. कोकणातले यहुदी म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण मराठीत खेकसणारी यहुदी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. “चपला तिकडं. आन् ती पेटी माझ्या सैपाकघरात आनू नका, काय काय जंतू घेऊन फिरता!” हे त्यांचं स्वागत. माझ्या जिभेला जोड मिळाली म्हणून मला बरं वाटलं.

दाराच्या चौकटीला एक छोटी नळकांडी तिरकी ठोकलेली होती, आत प्रार्थनेचा कागद घातलेली. येता-जाता रिबकाबाई तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. दोन्ही मुलगे इस्रायलला गेलेले. “सामुदायिक प्रार्थनेला धा पुरुष लागतात,” त्या म्हणाल्या, “हितं आता तीन हायेत, त्यातला येक आयकत नाय.” स्वयंपाकघरात मटणाची भांडी एका फळीवर, दुधाची दुसऱ्या. चुकून चमचा इकडचा तिकडे झाला तरी चालत नाही. आमच्या घरी सोवळ्याओवळ्याची भांडी होती, पण ती कुणी कुणाला शिवू नये म्हणून. इथे माणसांबद्दल काहीच म्हणणं नव्हतं, मटण आणि दूध यांनीच एकमेकांपासून लांब राहायचं. मला ते फार आवडलं.

रोहा आणि अष्टमीतली दहाही घरं मी त्या दिवशी फिरले. दहाही कँडली पिवळसर, कोरड्या हाताला खरखरीत. बोट फिरवलं तर काही सुटत नव्हतं. मला आकाश ठेंगणं झालं. एका घरात तर मुलांनी कँडलीचा क्रिकेटसाठी स्टंप केला होता, आणि तरी ती स्वच्छ होती.

तिथेच मला थोडं खटकायला हवं होतं. पण माणूस यशस्वी झाला की विचार करायचं सोडतो. खटकलं ते संध्याकाळी, रिबकाबाईंची स्वतःची कँडल बघताना.

“हिला कशानं घासता?” मी विचारलं.

“काथ्यानं. दर सुक्रवारी, शब्बाथचा, म्हंजे आमच्या सनवारच्या सनाचा दिवा लावायच्या आदी. मंग उन्हात वाळवते.”

काथ्यानं घासलेली, उन्हात टाकलेली, आणि तरी पिवळी, जांभळा डाग एकही नाही. म्हणजे मग देखभालीचा प्रश्नच नव्हता. मी त्यांच्या ओटीवर बसून खारेपाटातल्या बायकांबद्दल काय काय बोलले ते सांगत होते, आणि सांगता सांगता माझा आवाज आपोआप खाली येत चालला होता.

रिबकाबाई वाल सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला. “माझं म्हायेर तिकडचं,” त्या म्हणाल्या. “वडखळच्या खाली, खाडीकाठी. तुमी त्यांला पान्याचं काय इचारलंत?”

“गोडं की खारं, एवढंच. सगळ्यांनी गोडं सांगितलं.”

त्या हसल्या त्या थांबेचनात. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “अवो, तिकडं खारं म्हंजे खाडीचं. ज्याचं मीठ करतात ते. हिरीचं ते समदं गोडं! मचूळ असलं तरी गोडं. डाळ शिजली की गोडं. किती येळ लागला ते नाय कोन इचारत. लगीन होऊन हितं आले तवा नळाचं पानी मला अळनी लागायचं, मी चिमूटभर मीठ घालून प्यायची!”

मग पदर खाली करून त्यांनी विचारलं,

“तुमी प्यायलात का तिकडचं?”

“नाही,” मी म्हटलं. “माझी बाटली होती.”

“मंग तुमाला कसं कळनार?” असं म्हणून त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या.

हा प्रयोग मी स्वतः शाळेत असताना केलेला आहे. मिठाच्या पाण्यात चांदीच्या क्षाराचा थेंब टाकला की पाणी पांढरं होतं, आणि ते पांढरं उन्हात ठेवलं की जांभळं पडतं. मीठ चांदीला धरतं, तिला जखडून टाकतं, मग ती जंतूंच्या कामाची उरत नाही. तीन महिने त्या कँडलीतून मचूळ पाणी गेलं होतं आणि चांदीचा कणन्‌कण त्यातल्या मिठानं जखडून टाकला होता. हिराबाईंनी आम्ही सांगितल्याप्रमाणे कँडल दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवली होती, म्हणून ते डाग. मिसरीचा काही संबंध नव्हता. उलट, डाग होते याचा अर्थ त्यांनी देखभाल नीट केली होती.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मी त्यांच्याकडे नवी कँडल बसवून आले होते. तीही त्याच पाण्यात तशीच निकामी होत जाणार होती. हात लावू नका, उकळू नका, प्या, असं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्या घरात आठ महिन्यांचं बाळ होतं, आणि त्याच्या आधीचं पाण्यानंच गेलेलं होतं.

बूथवरून वडखळच्या दुकानात फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला आणि मी गावाचं नाव सांगताच तो कटला. रिबकाबाईंनी मऊ शिजलेल्या डाळीचा भात वाढला. तो खाताना मला हिराबाईंची दाण्यादाण्याची डाळ आठवत राहिली.

तिसरा दिवस, वाटेत

सकाळी अष्टमीतली शाळा उघडायच्या वेळेला मी तिच्या दारात उभी होते. विज्ञानाच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे त्याच चांदीच्या क्षाराची, तपकिरी बाटली काढली आणि त्यातलं थोडं ड्रॉपरच्या लहान बाटलीत ओतून दिलं. रिबकाबाईंकडून बाटलीत भरून आणलेल्या नळाच्या पाण्यात मी तिथेच एक थेंब टाकून पाहिला. पाणी जेमतेम धुरकटलं. घाईघाईत बूच लावताना बाटली कलंडली आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर सांडलं. पाण्याखाली हात धरला, पदराला पुसला आणि निघाले.

वडखळची थेट एसटी दोन तासांनी होती. पोह्यांची पोती घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं मला खांबपर्यंत सोडलं, पुढे बसवून, वर अर्धी पोळी खायला देऊन. खांबला हायवेवर उन्हात उभं राहून तीन गाड्यांना हात केला, चौथी थांबली. खिडकीशी जागा मिळाली. वाटेतलं काहीच मला सांगता येणार नाही, कारण मी काही पाहिलं नाही. एवढंच पाहिलं की ऊन लागून लागून माझ्या बोटांची टोकं तपकिरी व्हायला लागली आहेत.

पुन्हा खारेपाट

हिराबाई अंगणात होत्या. चुलीवर पातेलं होतं आणि त्यात पाणी खदखदत होतं. मी आधी बाळ कुठे आहे ते विचारलं. ते वैशालीच्या मांडीवर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होतं.

“फिल्टरचं पाणी दिलंत का तिला?”

“नाय,” हिराबाई म्हणाल्या. त्यांनी बोटानं दाखवलं. फिल्टर फळीवर, धुतलेल्या फडक्यानं झाकलेला. आत पाण्याचा थेंब नव्हता. “तुमी म्हनलात हात लावू नका. मंग नाय लावला. तुमी गेलात नि लगेच काडून ठेवला. माजा हात घान, मंग तुमची चीज कशाला खराब करू? पानी आपलं उकळते.”

माझा जीव भांड्यात पडला. मी ओटीच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. माझ्या शास्त्रानं त्या बाळाला जे केलं असतं त्यातून ते वाचलं होतं माझ्या उर्मटपणामुळे. अशी शोभा आजवर माझी कुणी केली नव्हती.

“हिराबाई, माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुमच्या हातानं काही झालेलं नाही. तुमच्या पाण्यात मीठ आहे, ते मी तपासलं नाही. मी तुम्हाला नको ते बोलले.”

त्यांनी लाकूड चुलीत सारलं. मग म्हणाल्या, “पाचजनींच्या म्होरं बोललात.”

“हो.”

“मंग पाचजनींच्या म्होरं सांगा. वैशे, जा गो, समद्यांना हाक मार.”

परवाच्याच बायका आल्या. मी परवाच्याच जागी उभी राहिले. जे बोलायचं ते बोलले, अडखळत, पण सगळं. मग दोन काचेचे पेले मागितले. एकात माझ्या बाटलीतलं पुण्याचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या विहिरीचं. दोन्ही सारखीच स्वच्छ दिसत होती. या बाटलीत चांदी विरघळलेली आहे असं सांगून पहिल्यात थेंब टाकला, किंचित धुरकटलं. दुसऱ्यात थेंब पडताक्षणी पांढरं ढगासारखं उतरलं, आणि बघता बघता पेला ताकासारखा झाला.

“आगो बया!” कुणीतरी म्हणालं.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर हिराबाईंनी पेला हातात घेऊन उजेडात धरला होता. “आगरात पानी आटलं की मीठ बसतं तसं बसलंय ह्ये,” त्या शेजारणींना म्हणाल्या. “आपल्या पान्यातल्या मिठानं चांदीला धरलं, नि चांदीचं मीठ झालं. मंग ती कशी जंतू मारील?”

हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना समजावताना आगाशेसरांचा अख्खा फळा भरतो.

“मग तुमची चांदी वाया गेली, बाई?” वैशालीनं विचारलं.

“गेली.”

“समद्यांच्या घरची?”

“दहाही घरची. आजच सगळीकडे जाऊन सांगते. फिल्टर गाळायला वापरा, पण पिण्याआधी पाणी उकळा. बाळाचं तर नक्कीच.”

हिराबाईंनी मान डोलावली. मी पेटीतून कोरा फॉर्म काढला, ‘पाणी गोडे की खारे?’ यावर काट मारली आणि त्यांना विचारलं की इथे काय लिहू. त्यांनी विचार केला. “डाळ किती येळात शिजते ते इचारा,” त्या म्हणाल्या. “बाई खोटं नाय सांगनार.” मी तसंच्या तसं लिहिलं.

मग मी त्यांच्याकडे पाणी मागितलं. माझ्या बाटलीत अजून होतं, आणि ते त्यांनाही दिसत होतं. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी तांब्यातून आणून दिलं. मी ते प्याले. मचूळ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खारट म्हणावं तर खारट नाही, पण तहान भागल्यासारखी वाटत नाही आणि जिभेवर काहीतरी मागे राहतं. परवाच्या चहाची आणि डाळीची चव मला त्या घोटात ओळखू आली.

तांब्या परत देताना हिराबाईंनी माझा हात धरला. उजव्या हाताची तीन बोटं आता टोकापासून पेरापर्यंत काळी झाली होती, त्यांच्या एका बोटापेक्षाही काळी.

“बाई, मिसरी कवापासनं लावता?” त्यांनी विचारलं.

बायका हसत सुटल्या. परवापासून दाबून धरलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं असावं, कारण ते बराच वेळ चाललं. वैशालीनं लिंबाची फोड आणली, कुणी चुलीतली राख आणली. मी घासघासून घासलं. काही फरक पडला नाही, ती चांदी होती, कातडीत बसली होती. हिराबाई माझं बोट तसंच धरून शेजारणींकडे वळल्या. आता त्या हसत नव्हत्या.

“बघा गो,” त्या म्हणाल्या. “ह्या बाईंनी एवडा हात धुतला तरी काळाच. म्हनून काय त्या घान झाल्या?”

ड्रॉपरची बाटली घेऊन मी उरलेल्या नऊ घरांकडे निघाले, आणि हिराबाई न बोलावता माझ्याबरोबर आल्या. थेंब मी टाकायचा आणि पुढचं त्यांनी सांगायचं, असं आमचं ठरून गेलं. शेवटच्या घरी पोचलो तोवर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं सांगता येत होतं.

चौथ्या दिवशी पुण्याला आले, पिशवीत पोह्याचे पापड आणि सुका जवळा घेऊन. डाग जायला जवळजवळ दोन आठवडे लागले. कॉलेजात पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, मग स्टाफरूममध्ये विचारलं, प्राचार्यांनीही विचारलं. आगाशेसरांना मी सगळी हकिगत सांगितली. बाकी ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला मी एकच उत्तर दिलं, की मी मिसरी लावते.